रीतिदर्शक सहायक क्रियापदे आणि त्यांचे सोबती : इंग्रजी वाक्यरचना व भारतीय संविधानातील उदाहरणे

उद्दिष्टे

हा पाठ अभ्यासल्यानंतर विद्यार्थ्यांना पुढील गोष्टी करता येतील.
• रीतिदर्शक सहायक क्रियापदाबरोबर येणाऱ्या क्रियाविशेषणाची जागा ठरवणे.
• 'बाय' आणि 'अंटिल' यांसारख्या शब्दयोगी अव्ययांतील फरक ओळखणे.
• कायदे, नियम आणि सूचनापत्रे यांतील लांब इंग्रजी वाक्य सुटे करून वाचणे.
• मराठीच्या सवयीमुळे इंग्रजीत होणाऱ्या नेहमीच्या चुका टाळणे.

(या पाठात इंग्रजी उदाहरणेही देवनागरीत दिली आहेत. ती मोठ्याने वाचावीत, म्हणजे शब्दांचा क्रम कानाला बसतो.)

१. प्रस्तावना

'कॅन', 'कुड', 'मे', 'माइट', 'मस्ट', 'शॅल', 'शुड', 'विल', 'वुड' या शब्दांना रीतिदर्शक सहायक क्रियापदे म्हणतात. शालेय पुस्तकांत त्यांचा एक तक्ता असतो. 'मे' म्हणजे परवानगी किंवा शक्यता, 'मस्ट' म्हणजे सक्ती, 'कॅन' म्हणजे क्षमता. हा तक्ता चुकीचा नाही. पण महाविद्यालयात आल्यावर परीक्षेचे नियम, शिष्यवृत्तीची सूचना किंवा कायद्याचे कलम वाचताना तो अपुरा पडतो. कारण हे क्रियापद वाक्यात एकटे येत नाही. त्याच्याजवळ 'ऑलवेज', 'ओन्ली', 'वेल' असे क्रियाविशेषण असते आणि पुढे 'आफ्टर', 'बाय', 'ऑन' असे शब्दयोगी अव्यय असते. काय करायचे आहे, केव्हा, कशाच्या आधारावर आणि कितपत सक्तीने, हे या तिघांच्या मेळातून ठरते.

हा मेळ किती महत्त्वाचा असतो, याचे मोठे उदाहरण दिल्लीत घडले. सर्वोच्च न्यायालयाच्या न्यायाधीशांची नेमणूक शेवटी कोणाच्या मतानुसार व्हावी, हा प्रश्न संविधानाच्या अनुच्छेद १२४ मधील मोजक्या शब्दांच्या अर्थावर येऊन थांबला. १९८१, १९९३, १९९८ आणि २०१५ अशा चार वेळा न्यायालयाने त्यावर विचार केला. पाठाच्या उत्तरार्धात आपण ते शब्द व्याकरणाच्या नजरेने पाहणार आहोत. त्याआधी मूलभूत नियम पाहू.

२. मूलभूत रचना

२.१ रीतिदर्शक क्रियापदानंतर मुख्य क्रियापदाचे मूळ रूप येते. मध्ये 'टू' येत नाही. 'आय मस्ट गो' बरोबर. 'आय मस्ट टू गो' चूक. 'ऑट टू' हा अपवाद आहे.

२.२ एका क्रियापद-समूहात दोन रीतिदर्शके एकापुढे एक येत नाहीत. मराठीत 'करू शकेन' या रूपात शक्यता आणि भविष्यकाळ दोन्ही सुखाने राहतात, म्हणून 'विल कॅन' लिहिण्याचा मोह होतो. प्रमाण इंग्रजीत तेथे 'विल बी एबल टू' लागते. 'कॅन एबल टू' ही रचनाही चूक आहे. 'कॅन' किंवा 'अॅम एबल टू' यांपैकी एकच घ्यावे.

२.३ समूह लांबला तर क्रम ठरलेला असतो : रीतिदर्शक, मग 'हॅव', मग 'बी'चे रूप, मग मुख्य क्रियापद. उदा. 'द लेटर शुड हॅव बीन सेंट' (पत्र पाठवायला हवे होते).

३. क्रियाविशेषणाशी मेळ

३.१ जागा

वारंवारता, निश्चिती किंवा काळ दाखवणारी क्रियाविशेषणे साधारणतः पहिल्या सहायक क्रियापदानंतर येतात. रीतिदर्शक नेहमी पहिलेच असते, म्हणून ती त्याच्या लगेच पुढे बसतात.

'यू शुड ऑलवेज कीप अ कॉपी.'
'द लेटर मस्ट ऑलरेडी हॅव बीन सेंट.'

काम कसे करायचे हे सांगणारी क्रियाविशेषणे मात्र मुख्य क्रियापदाला चिकटून राहतात. 'द फॉर्म मस्ट बी केअरफुली चेक्ड' या वाक्यात 'केअरफुली' हा शब्द 'चेक्ड'ची रीत सांगतो, त्यामुळे तो 'बी'च्याही पुढे गेला आहे. क्रियाविशेषण नेमके कोणाला लागू आहे हे जागा सांगते, असे लक्षात ठेवावे.

३.२ जागा बदलली की अर्थ बदलतो

'आय रिअली कान्ट एक्स्प्लेन इट' म्हणजे मला ते खरोखरच सांगता येत नाही. येथे 'रिअली' नकारावर जोर देते. 'आय कान्ट रिअली एक्स्प्लेन इट' म्हणजे मला ते नीटसे सांगता येत नाही. येथे 'रिअली' नकाराच्या कक्षेत गेले आणि जोर कमी झाला. मराठीत हे काम 'च' आणि 'से' करतात : 'सांगताच येत नाही' आणि 'नीटसे सांगता येत नाही'. इंग्रजीत 'च' नाही. त्याचे बरेचसे काम क्रियाविशेषण आणि त्याची जागा करतात.

३.३ जोडीने येणारी रूपे

काही जोड्या एकमेकींना धरून येतात. शक्यतेच्या 'मे'बरोबर 'पॉसिबली' किंवा 'वेल' येते. 'इट मे वेल रेन' म्हणजे पाऊस पडण्याची बरीच शक्यता आहे. येथे 'वेल'चा 'चांगला' या अर्थाशी संबंध नाही. तर्काने काढलेल्या निष्कर्षाच्या 'मस्ट'बरोबर 'शुअरली' किंवा 'सर्टनली' येते. 'मस्ट'बरोबर 'परहॅप्स' मात्र सहसा खटकते, कारण एक शब्द खात्री देतो आणि दुसरा ती काढून घेतो.

काही रूपे अखंड म्हणूनच शिकावीत.
• 'वुड रादर' : त्यापेक्षा अमुक पसंत करणे. 'आय वुड रादर वेट.'
• 'मे अॅज वेल' : दुसरे काही चांगले नाही, तर हेच करावे.
• 'हॅड बेटर' : केलेले बरे, नाहीतर पंचाईत होईल. यात रूप 'हॅड'चे असले तरी अर्थ भूतकाळाचा नाही.
• 'कॅन हार्डली' : जेमतेम जमते, जवळजवळ जमत नाही. यातच नकार आहे, म्हणून 'कान्ट हार्डली' लिहू नये.

३.४ नकार

'नॉट' हेही येथे एक प्रकारचे क्रियाविशेषणच आहे, आणि सर्वांत जास्त घोटाळा त्याच्याभोवती होतो. मराठीतले 'तू जायला नको' हे वाक्य प्रसंगानुसार दोन अर्थ देते : 'जाणे योग्य नाही' आणि 'जाण्याची गरज नाही'. इंग्रजीत हे अर्थ स्वतंत्र आहेत.

'यू मस्ट नॉट गो' : जायचे नाही. मनाई आहे.
'यू नीड नॉट गो' : जाण्याची गरज नाही. गेलात तरी चालेल.
'यू मे नॉट गो' : जाण्याची परवानगी नाही.
'शी मे नॉट गो' : संदर्भानुसार, तिला परवानगी नाही किंवा कदाचित ती जाणार नाही.

शेवटच्या वाक्यातला संदिग्धपणा खरा आहे. म्हणून नियम लिहिताना मनाईसाठी 'मस्ट नॉट' किंवा 'शॅल नॉट' वापरणे सुरक्षित ठरते.

४. शब्दयोगी अव्ययाशी मेळ

मराठीत शब्दयोगी अव्यय नामाच्या मागे लागते : 'टेबलावर', 'शुक्रवारपर्यंत'. इंग्रजीत ते नामाच्या आधी येते. हा फरक सर्वांना माहीत असतो. पुढचे तीन फरक कमी परिचित आहेत.

४.१ 'पर्यंत'ची दोन इंग्रजी रूपे

'शुक्रवारपर्यंत अर्ज द्या' आणि 'शुक्रवारपर्यंत येथे राहा' या दोन्ही वाक्यांत मराठी 'पर्यंत'च वापरते. इंग्रजी विचारते की क्रिया एकदाच व्हायची आहे, की सतत चालू राहायची आहे?

'यू मस्ट सबमिट द फॉर्म बाय फ्रायडे.' (एकदाच, शुक्रवार ही शेवटची मुदत)
'यू मे स्टे हिअर अंटिल फ्रायडे.' (सतत, शुक्रवारी संपते)

'यू मस्ट सबमिट द फॉर्म अंटिल फ्रायडे' हे वाक्य म्हणूनच चूक आहे. अर्ज देणे ही क्षणात संपणारी क्रिया. ती शुक्रवारपर्यंत 'चालू' राहत नाही. नकार आला की चित्र उलटते : 'यू मस्ट नॉट ओपन इट अंटिल फ्रायडे' बरोबर आहे, कारण 'न उघडणे' ही स्थिती चालू राहू शकते.

४.२ वाक्याच्या शेवटी उरणारे अव्यय

'रिलाय ऑन', 'डील विथ', 'लुक इंटू' या क्रियापदांना स्वतःचे अव्यय असते. कर्मणी प्रयोगात कर्म वाक्याच्या सुरुवातीला जाते, पण अव्यय जागेवरच राहते.

'धिस रिपोर्ट कॅनॉट बी रिलाइड ऑन.'
'द कम्प्लेंट मस्ट बी लुक्ड इंटू.'

मराठीत प्रत्यय नामाबरोबर पुढे जातो : 'या अहवालावर विसंबता येत नाही'. त्यामुळे नामाविना लोंबकळणारे 'ऑन' आपल्याला अनावश्यक वाटते आणि ते गळते. 'कॅनॉट बी रिलाइड' एवढेच लिहिले, तर वाक्य अपुरे राहते.

४.३ क्रियापदाचे अव्यय आणि नामाचे अव्यय

'अमुकशी सल्लामसलत करणे' यातील 'शी'मुळे 'कन्सल्ट विथ' लिहिले जाते. 'सल्ला घेणे' या अर्थी 'कन्सल्ट' या क्रियापदाला अव्यय लागत नाही : 'द मिनिस्टर मस्ट कन्सल्ट द कमिटी'. त्याचेच नाम 'कन्सल्टेशन' झाले की 'विथ' लागते : 'आफ्टर कन्सल्टेशन विथ द कमिटी'. 'डिस्कस' आणि 'डिस्कशन ऑन' यांचेही असेच आहे. 'मस्ट डिस्कस अबाउट' ही चूक अतिशय प्रचलित आहे.

५. संविधानातील उदाहरणे

५.१ मध्ये घुसलेला वाक्यांश

कायद्याच्या इंग्रजीत रीतिदर्शक आणि मुख्य क्रियापद यांच्यामध्ये स्वल्पविराम देऊन अख्खा वाक्यांश घातलेला असतो. उच्च न्यायालयाच्या न्यायाधीशांच्या बदलीविषयीच्या अनुच्छेद २२२ मध्ये राष्ट्रपती 'मे, आफ्टर कन्सल्टेशन विथ द चीफ जस्टिस ऑफ इंडिया, ट्रान्सफर' अशी रचना आहे. 'मे'चे क्रियापद 'ट्रान्सफर' आहे. प्रथम स्वल्पविरामांमधला भाग झाकून 'मे ट्रान्सफर' एवढे वाचावे, मग झाकलेला भाग अट म्हणून परत आणावा. राष्ट्रपतींना बदली करता येते. मात्र सरन्यायाधीशांशी विचारविनिमय झाल्यानंतरच.

येथे 'मे' अधिकार देते आणि 'आफ्टर' त्याला अट घालते. 'मे' आहे म्हणून विचारविनिमयही ऐच्छिक आहे, असे वाचणे चुकीचे ठरेल. ऐच्छिक आहे ती बदली. बदली करायची ठरली, की विचारविनिमय टाळता येत नाही.

५.२ 'शॅल' म्हणजे नेहमीच सक्ती का?

अनुच्छेद ३२० (३) प्रमाणे काही बाबींत लोकसेवा आयोगाचा सल्ला घ्यायचा असतो. शब्द आहेत 'शॅल बी कन्सल्टेड'. १९५७ साली उत्तर प्रदेश राज्य विरुद्ध मनबोधन लाल श्रीवास्तव या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने ही तरतूद आदेशात्मक नव्हे तर निदेशात्मक मानली. म्हणजे तिचे पालन झाले नाही, एवढ्याच कारणाने शासनाची कारवाई रद्द होत नाही. काही बाबींत आयोगाचा सल्ला आवश्यक नसेल असे नियम करण्याची मुभा त्याच अनुच्छेदाच्या परंतुकात आहे, ही गोष्ट न्यायालयाने विचारात घेतली. एकट्या 'शॅल'वरून निष्कर्ष काढता येत नाही, संपूर्ण तरतूद वाचावी लागते, हा यातला धडा आहे.

५.३ 'शॅल ऑलवेज बी कन्सल्टेड'

आता अनुच्छेद १२४ (२) पाहू. मूळ मजकुरानुसार राष्ट्रपती न्यायाधीशांची नेमणूक 'आफ्टर कन्सल्टेशन विथ' आवश्यक वाटतील अशा न्यायाधीशांशी करतात. परंतुक असे की सरन्यायाधीशांव्यतिरिक्त इतर न्यायाधीशाच्या नेमणुकीत भारताचे सरन्यायाधीश 'शॅल ऑलवेज बी कन्सल्टेड'.

कलम ३.१ मधील नियम येथे तंतोतंत दिसतो : रीतिदर्शक, क्रियाविशेषण, 'बी', मुख्य क्रियापद. अर्थाच्या बाजूने तीन शब्दांची कामे वेगळी आहेत.

'ऑलवेज' हे वारंवारतेचे क्रियाविशेषण आहे. ते 'किती वेळा' याचे उत्तर देते : प्रत्येक नेमणुकीत. मुख्य मजकुरात कोणत्या न्यायाधीशांना विचारायचे हे राष्ट्रपतींवर सोपवले आहे. सरन्यायाधीशांच्या बाबतीत 'ऑलवेज' ती निवड ठेवत नाही.

'आफ्टर' हे काळाचे अव्यय आहे. ते क्रम सांगते : आधी विचारविनिमय, मग नेमणूक.

'कन्सल्ट' हे क्रियापद मत विचारण्याविषयी बोलते.

दिलेले मत बंधनकारक आहे का, याचे उत्तर या तिघांपैकी कोणताही शब्द सरळ देत नाही. मे १९४९ मध्ये संविधान सभेत सरन्यायाधीशांची 'सहमती' आवश्यक करावी अशी दुरुस्ती सुचवली गेली होती. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी तिला विरोध केला, कारण तसे झाल्यास सरन्यायाधीशांच्या हाती नकाराधिकार गेला असता. ती दुरुस्ती स्वीकारली गेली नाही.

पुढे डिसेंबर १९८१ मध्ये एस. पी. गुप्ता खटल्यात सात न्यायाधीशांच्या पीठाने बहुमताने म्हटले की विचारविनिमय म्हणजे सहमती नव्हे. ६ ऑक्टोबर १९९३ रोजी नऊ न्यायाधीशांच्या पीठाने ही भूमिका बदलली आणि सरन्यायाधीशांच्या, म्हणजे ज्येष्ठ सहकाऱ्यांशी चर्चा करून बनलेल्या, मताला प्राधान्य दिले. १९९८ मध्ये राष्ट्रपतींच्या पृच्छेला उत्तर देताना सर्वोच्च न्यायालयातील नेमणुकांसाठी सरन्यायाधीश आणि चार ज्येष्ठतम न्यायाधीश अशी रचना सांगितली गेली. तिलाच आपण कॉलेजियम म्हणतो.

मजकुरातला एकही शब्द न बदलता अर्थ बदलला. १९९३ चा निर्णय केवळ शब्दकोशावर उभा नाही. न्यायपालिकेच्या स्वातंत्र्याचा विचार त्यामागे आहे. तो निर्णय पटो वा न पटो, व्याकरण कोठे संपते आणि अर्थनिर्णयन कोठे सुरू होते, ही सीमा विद्यार्थ्याला दिसली पाहिजे.

५.४ अव्यय बदलले तेव्हा

संविधानाच्या ९९ व्या दुरुस्तीने राष्ट्रीय न्यायिक नियुक्ती आयोग आणला. तिने 'आफ्टर कन्सल्टेशन विथ' हे शब्द काढून त्या जागी आयोगाच्या संदर्भात 'ऑन द रेकमेंडेशन ऑफ' हे शब्द घातले आणि 'शॅल ऑलवेज' असलेले परंतुकही वगळले. 'आफ्टर' फक्त क्रम सांगते. 'ऑन' आधार सांगते. नेमणूक शिफारशीनंतर नव्हे, शिफारशीवरून व्हायची होती. १६ ऑक्टोबर २०१५ रोजी पाच न्यायाधीशांच्या पीठाने चार विरुद्ध एक अशा बहुमताने ही दुरुस्ती रद्द ठरवली आणि कॉलेजियमची पद्धत पुन्हा लागू झाली.

५.५ बंधन स्पष्ट लिहायचे असेल तर

मंत्रिमंडळाचा सल्ला राष्ट्रपतींवर बंधनकारक आहे, हे शमशेर सिंग खटल्यात १९७४ साली न्यायालयाने मानले होते. १९७६ च्या ४२ व्या दुरुस्तीने ते अनुच्छेद ७४ मध्ये लिहिले : राष्ट्रपती 'शॅल … अॅक्ट इन अकॉर्डन्स विथ' तो सल्ला. 'इन अकॉर्डन्स विथ' या संयुक्त अव्ययाने सल्ल्याला अनुसरून वागणे सांगितले, त्यामुळे 'आफ्टर'सारखी शंका उरली नाही. १९७८ च्या ४४ व्या दुरुस्तीने त्यात एक पायरी जोडली. राष्ट्रपती सल्ल्याचा फेरविचार करण्यास सांगू शकतात (येथे 'मे'), पण फेरविचारानंतर आलेल्या सल्ल्यानुसार त्यांना वागावे लागते (येथे 'शॅल'). एका वाक्यात अधिकार आणि बंधन शेजारी बसले आहेत. ज्याने 'मे' वाचले आणि पुढचे 'शॅल' सोडले, त्याला राष्ट्रपतींचा अधिकार आहे त्याहून मोठा वाटेल.

मराठी अनुवादात आणखी एक अडचण येते. कायद्याच्या मराठीत 'शॅल'साठी बहुधा साधा भविष्यकाळ येतो : 'असेल', 'करील'. बोलीत हे भविष्यकथन वाटते. कायद्यात तो आदेश असतो.

६. वाचनाची पद्धत

कोणताही नियम वाचताना चार प्रश्न क्रमाने विचारावेत.
(१) रीतिदर्शक कोणते आणि त्याचे मुख्य क्रियापद कोणते? मधला भाग झाकून शोधा.
(२) क्रियाविशेषण कोणाला लागू आहे?
(३) अव्यय काय सांगते : काळ, मुदत, आधार, की अनुसरण?
(४) अपवाद किंवा परंतुक आहे का?

७. सराव

(अ) चूक दुरुस्त करा.
१. 'यू मस्ट टू पे द फी अंटिल १० जुलै.'
२. 'वुई शुड डिस्कस अबाउट धिस.'
३. 'द मॅटर मस्ट बी डेल्ट प्रॉम्प्टली.'

(आ) अर्थ सांगा.
४. 'कॅन्डिडेट्स नीड नॉट अटॅच सर्टिफिकेट्स.'
५. 'द कमिटी मे, ऑन द रेकमेंडेशन ऑफ द टीचर, वेव्ह द फी.'

उत्तरे
१. 'यू मस्ट पे द फी बाय १० जुलै.' शुल्क भरणे एकदाच होते, म्हणून 'बाय'.
२. 'वुई शुड डिस्कस धिस.'
३. 'द मॅटर मस्ट बी डेल्ट विथ प्रॉम्प्टली.' 'विथ' जागेवर राहते.
४. प्रमाणपत्रे जोडण्याची गरज नाही. जोडण्यास मनाई आहे, असा अर्थ नाही.
५. समिती शुल्क माफ करू शकते, पण शिक्षकांच्या शिफारशीवरूनच. शिफारस आली तरी माफी दिलीच पाहिजे असे नाही, कारण क्रियापद 'मे' आहे. 'मे'च्या जागी 'शॅल' घातले तर अर्जदार विद्यार्थ्याच्या दृष्टीने काय बदलेल, ते स्वतःच्या शब्दांत लिहा.